चाकणला पोहोचण्याआधी

२०२५ च्या जुलैअखेरीस आकुर्डीतून आलेल्या एका बातमीने पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काळजी पसरली. इलेक्ट्रिक चेतकचे ऑगस्टमधले उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी स्वतः सांगितले होते. गाडी अडली होती मोटरमधल्या चुंबकांवर. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले होते आणि चार महिन्यांत त्याची झळ थेट पुणे-मुंबई रस्त्यावरच्या त्या जुन्या फाटकापर्यंत आली. ऑगस्टच्या उत्तरार्धात थोडा माल आला, गाड्या पुन्हा निघू लागल्या. मधल्या काळात वर्तमानपत्रांनी चीनबद्दल लिहिले, आयातीवरच्या अवलंबित्वाबद्दल लिहिले, सरकारने काय करावे याबद्दल लिहिले. ते चुंबक ज्या मातीतून येतात ती माती कुठली आणि ती खणणारी माणसे कोण, हा प्रश्न मात्र माझ्या वाचनात कुठे आला नाही.

त्याचे एक उत्तर म्यानमारच्या काचिन राज्यात, चीनच्या सीमेला लागून असलेल्या पांगवा आणि चिपवीच्या डोंगरांत आहे. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम घालतात. ही दोन्ही मूलद्रव्ये तिथल्या चिकणमातीच्या कणांना सैलसर चिकटलेली असतात. चीनने आपल्या जिआंग्शी प्रांतातल्या अशा खाणी प्रदूषणामुळे आवरत्या घेतल्यावर तेच काम सीमेपलीकडे सरकले. डोंगराला भोके पाडायची, त्यांतून अमोनियम सल्फेटचे द्रावण आत सोडायचे, पायथ्याशी झिरपलेले पाणी उघड्या टाक्यांत साठवायचे आणि रसायने घालून हवे ते खाली बसवायचे. ग्लोबल विटनेस या संस्थेने २०२२ मध्ये उपग्रहचित्रांवरून सुमारे ३०० ठिकाणी अशा २,७०० हून अधिक टाक्या मोजल्या. आतून भिजलेला डोंगर पावसाळ्यात खाली येतो आणि त्याच्याखाली मजूर सापडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा मुलूख लष्कराच्या बाजूच्या टोळीकडून काचिन बंडखोरांच्या हाती गेला. चुंबकांच्या पुरवठ्याची साखळी एका यादवी युद्धातून जाते, हे आपल्याकडच्या चर्चेत यायला हवे होते.

पुढची पाने त्या प्रश्नासाठी लिहिली आहेत. विषय मुख्यतः बॅटरीचा आहे. चुंबकापासून सुरुवात केली, कारण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला आपली मुळे किती लांब गेली आहेत हे पहिल्यांदा जाणवले ते त्या उन्हाळ्यात आणि त्या पावसाळ्यात.

पिंपरी-चिंचवड हे पुरवठादारांनी उभे केलेले शहर आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पण या गावांना वळण लावले ते टेल्कोने. सुमंत मूळगावकरांनी उजाड माळावर कारखान्याआधी झाडे लावायला घेतली, तळे केले. मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखान्यांचे जाळे वाढले. भोसरीच्या गाळ्यांत दोन लेथवर सुरू झालेले वर्कशॉप पुढच्या पिढीत निर्यात करू लागले. २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा चाकणला आल्या तेव्हा महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, सावरदरी ही खेड तालुक्यातली गावे त्याच जाळ्यात ओढली गेली. ज्या चाकणची ओळख कांद्याच्या बाजाराने आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या संग्रामदुर्गाने होती, त्या चाकणची ओळख आता शिफ्ट सुटल्यावरच्या कोंडीने होते.

या जाळ्याने एक विद्या कमावली आहे, आणि बाहेरच्या कोणाला ती सहसा दिसत नाही. तिला इथे ट्रेसेबिलिटी म्हणतात. स्टिअरिंगच्या एखाद्या फोर्जिंगमध्ये तडा सापडला तर गुणवत्ता विभागातला तंत्रज्ञ आधी लॉट नंबर बघतो. लॉटवरून हीट नंबर, हीट नंबरावरून पोलाद कोणत्या भट्टीत, कोणत्या दिवशी ओतले ते. त्या दिवसाचा रासायनिक अहवाल फाईलमध्ये असतो. तो नसेल तर इनवर्डला माल उतरवून घेत नाहीत. पन्नास-साठ वर्षे ग्राहकाने मागितले म्हणून पुरवठादाराने दिले, त्याने आपल्या पुरवठादाराकडे मागितले, असे करत ही शिस्त गाळ्यागाळ्यांत मुरली. मला तिचा अभिमान वाटतो.

बॅटरीच्या सेलवरही बारकोड असतो. तो वाचला की सेल कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाळीत तयार झाला ते कळते. बहुतेक वेळा तो कारखाना चीनमध्ये असतो. त्यामागे मात्र वाट हरवते. जगातले सुमारे दोन तृतीयांश लिथियम, तीन चतुर्थांशांहून अधिक कोबाल्ट आणि बॅटरीसाठीचे ९० टक्क्यांवर ग्राफाईट चीनमध्ये शुद्ध होते. तिथल्या भट्ट्यांत आणि टाक्यांत दहा खाणींचा माल एकत्र येतो, एकजीव होतो आणि शुद्धतेचा दाखला घेऊन बाहेर पडतो. तो दाखला धातू किती शुद्ध आहे ते सांगतो, खाणीबद्दल काही सांगत नाही. पोलादही मिसळलेलेच असते. तरी त्याची भट्टी सांगावी लागते, कारण इथल्या लोकांनी ती विचारली. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि हे सारे लेखन त्यासाठीच आहे: ज्या पट्ट्याने बोल्टची भट्टी विचारायला शिकवले, त्याने सेलची खाण विचारली पाहिजे.

विचारायचे तर आधी नेमके काय विचारायचे ते कळायला हवे. युरोपातल्या ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट’ संस्थेच्या हिशेबानुसार २०२० साली ६० किलोवॉट-तासाच्या सरासरी बॅटरीत साधारण १८५ किलो खनिजे होती. त्यात ग्राफाईट ५२ किलो, ॲल्युमिनियम ३५, निकेल २९, तांबे २०, मँगनीज १०, कोबाल्ट ८ आणि लिथियम ६ किलो. ज्याच्या नावाने बॅटरी ओळखली जाते ते लिथियम त्यात सर्वांत थोड्यांपैकी आणि ज्याचे नाव कोणी घेत नाही ते ग्राफाईट सर्वांत जास्त. पण हा आकडा जसाच्या तसा चाकणला लावता येणार नाही. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत बीवायडीचे लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल आहेत. रांजणगावातून निघालेल्या नेक्सॉन ईव्हीचेही रसायन तेच. त्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. दुचाकींत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल अजून मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की काँगोतल्या खाणीत गोणी उचलणाऱ्या मुलाचे जे चित्र समोर ठेवले जाते, ते इथल्या प्रत्येक गाडीचे चित्र नाही. हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. चुकीच्या गाडीवर चुकीचा आरोप केला की कंपनीला तो सहज खोडता येतो आणि त्याबरोबर खरा प्रश्नही बाजूला पडतो.

आयर्न-फॉस्फेटचा खरा प्रश्न वेगळ्या ठिकाणी आहे. ग्राफाईट त्यालाही तितकेच लागते. नैसर्गिक ग्राफाईट बॅटरीच्या दर्जाचे करताना हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात आणि ईशान्य चीनमधल्या हैलोंगजियांगच्या गावांत त्याची चकचकीत काळी भुकटी पिकांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. कृत्रिम ग्राफाईट पेट्रोलियम कोक तीन हजार अंशांच्या आसपास तापवून करतात. त्याला लागणारी वीज बरीचशी कोळशाची असते. फॉस्फेटचा जगातला सर्वांत मोठा साठा मोरोक्कोत आहे, आणि एक टन फॉस्फोरिक आम्लामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम मागे राहते, किंचित किरणोत्सारी, डोंगरासारखे रचून ठेवलेले. या गोष्टींची छायाचित्रे काँगोच्या छायाचित्रांइतकी काळजाला भिडत नाहीत, म्हणून त्या कमी बोलल्या जातात.

लिथियमचे ठिकाण आता थेट आपल्या नावावर आहे. खनिज बिदेश इंडिया, म्हणजे ‘काबिल’, ही नाल्को, हिंदुस्थान कॉपर आणि एमईसीएल या सरकारी कंपन्यांनी २०१९ मध्ये स्थापन केलेली कंपनी. तिने १५ जानेवारी २०२४ रोजी अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांताच्या कंपनीशी करार केला आणि १५,७०३ हेक्टरांवरच्या पाच क्षेत्रांत लिथियम शोधण्याचा हक्क मिळवला. आपल्याकडे त्या बातमीचे स्वागत झाले, ते स्वाभाविक होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, कातामार्काच्या सर्वोच्च प्रांतिक न्यायालयाने सालार देल ओंब्रे मुएर्तो या खारपट्ट्यातले नवे परवाने थांबवले. खारपट्टा ‘काबिल’च्या क्षेत्रांपासून वेगळा, पण प्रांत तोच. तिथे १९९० च्या दशकापासून लिथियम निघते. त्रापिचे नदीचे पाणी खाणीला वळवल्यामुळे तिच्या काठचे कुरण वाळून गेले, अशी तिथल्या आदिवासी समाजाची तक्रार होती. न्यायालयाने सांगितले की एकेका प्रकल्पाचा वेगळा अहवाल चालणार नाही. सगळ्या खाणी मिळून पाण्याचे काय करतात त्याचा एकत्रित अभ्यास आधी व्हावा. आपल्याकडे ही दुसरी बातमी जवळजवळ आलीच नाही.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटायला नको. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून निगडीला आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. पाणी नदीतून वाहत आले तर काठच्या शेतांना मिळते, पाइपातून गेले तर मिळणार नाही, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. त्यांत एक स्त्री होती. योजनेला स्थगिती मिळाली, ती दशकाहून अधिक काळ टिकली. वाढत्या शहराला पाणी हवे होते हेही खोटे नाही. रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेले पाणी पिऊनच आपण मोठे झालो. पण शहराची गरज खरी असली म्हणून मावळच्या माणसाचा प्रश्न खोटा ठरत नाही, आणि हे ज्या शहराने इतक्या जवळून पाहिले त्याला त्रापिचेच्या काठचा मेंढपाळ काय म्हणतो ते समजायला दुभाष्याची गरज पडू नये.

त्याही मागे मुळशी आहे. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरण टाटांचे, पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला पडायचे, वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. ती वीज कोळशाच्या मानाने स्वच्छ होती, देशी भांडवलाची होती, तिच्यामुळे मुंबईचा धूर कमी होणार होता. हे सगळे युक्तिवाद तेव्हाही झाले आणि ते बिनबुडाचे नव्हते. तरीही गावे बुडाली आणि बुडालेल्यांना विचारले गेले नाही. आज नव्या तंत्रज्ञानाच्या बाजूने जे बोलले जाते ते जवळजवळ शब्दशः शंभर वर्षांपूर्वी या घाटांत बोलले गेले आहे. मुळशी वाचल्याशिवाय लिथियमबद्दल लिहू नये असे मला वाटू लागले, ते त्यामुळे.

महाराष्ट्रात बॅटरीचे खनिज निघतच नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आहे. तिथल्या मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजावर देशातला कोरड्या सेलचा उद्योग अनेक वर्षे चालला. आपल्या घरातल्या टॉर्चचा, रेडिओचा, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल ज्या काळ्या भुकटीने भरलेला असायचा, ती भुकटी तुमसरच्या मातीशी नाते सांगणारी होती. खाण मॉइलची, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीची. तिचे मूळ १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जाते. १९६२ मध्ये सरकार त्यात आले. कांद्री, मनसर, गुमगाव, चिखला, डोंगरी आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट, असा हा पट्टा सव्वाशे वर्षे मँगनीज देतो आहे. त्यातले बहुतांश पोलादाला जाते. पण मँगनीज हे नव्या सेलमध्येही आहे आणि आयर्न-फॉस्फेटमध्ये मँगनीज मिसळून अधिक ऊर्जा साठवण्याचे रसायन बाजारात येऊ लागले आहे. उद्या देशी बॅटरीसाठी देशी खनिज हवे असे ठरले तर बोट याच नकाशावर पडेल.

म्हणून तिथली किंमत आधी समजून घ्यायला हवी. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर ती मेंदूत साठते. ग्लासगोच्या कूपर या डॉक्टराने १८३७ मध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा आजार प्रथम नोंदवला: चाल बिघडते, बोलणे पुटपुटल्यासारखे होते, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. कंपवातासारखा दिसणारा हा आजार बळावला की मागे फिरत नाही. धुळीवर पाणी मारणे, ओले ड्रिलिंग, मास्क, नियमित तपासणी यांनी तो टाळता येतो आणि ठेका कामगार असेल तर यांतली प्रत्येक गोष्ट एकेका पायरीने पातळ होत जाते. जमिनीखालच्या कामाचा धोका वेगळाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखला खाणीत छत कोसळून दोन कामगार गेले. पुण्याच्या आवृत्त्यांत ती छोटी बातमी होती.

याच पट्ट्यात एक दुसरी गोष्टही घडली आहे. खाणीतून काढून टाकलेल्या मुरमाचे ढीग म्हणजे जवळजवळ मेलेली जमीन: सेंद्रिय काही नाही, पाणी धरत नाही, धातूंचा अंश जास्त. नागपूरच्या नीरीतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी गुमगावच्या अशा ढिगांवर काम सुरू केले. साखर कारखान्यांतून निघणारा प्रेसमड खड्ड्यांत भरला, त्या जमिनीत तग धरतील असे नत्र बांधणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वेगळी काढून वाढवली, रोपांच्या मुळांना लावली आणि साग, शिसव, कडुनिंब अशी झाडे लावली. काही वर्षांत ढिगावर रान उभे राहिले, खाली माती तयार होऊ लागली. मी हे कौतुकाने लिहितो आहे. ज्वारीच्या राज्यात ऊस किती लावावा यावर कितीही वाद घातला तरी त्याच्या मळीने विदर्भातली खाण हिरवी केली हे नाकारता येत नाही. पण या कामाला दहा-पंधरा वर्षे लागतात, माणसे लागतात, आणि त्याचा खर्च खनिजाच्या भावात धरलेला नसेल तर ते होत नाही. चाकणमध्ये सेलची किंमत ठरवताना हा खर्च कोणाच्या खात्यात पडतो, हा माझा प्रश्न आहे.

काँगो आणि इंडोनेशियाबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे थोडक्यात. जगातले सुमारे ७० टक्के कोबाल्ट काँगोतून येते आणि त्यातला काही भाग कोल्वेझीच्या आसपास हाताने खणून काढला जातो. दक्षिण कटांगाच्या खाणींत सुमारे ४० हजार मुले काम करतात, असा युनिसेफचा २०१४ चा अंदाज होता; ॲम्नेस्टीच्या जानेवारी २०१६ च्या अहवालाने तो जगासमोर आणला. जून २०१९ मध्ये कोल्वेझीजवळ एका मोठ्या कंपनीच्या खाणीत शिरून खणणाऱ्या किमान ४३ जणांवर दरड कोसळली. इंडोनेशियात मोरोवालीच्या निकेल भट्टीत २४ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला आणि २१ कामगार गेले. त्या भट्ट्या चालवायला तिथे खास कोळशाची वीजकेंद्रे उभारली आहेत. कोल्वेझीचा खणणारा आणि मोरोवालीचा भट्टीवाला यांना ओळखायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेला माणूस भोसरीत शोधावा लागत नाही. त्याच्या हजेरीकार्डावर ज्या कंपनीचा माल तो करतो तिचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. जबाबदारी वरून खाली सरकत जाऊन शेवटी नाव नसलेल्या माणसापाशी थांबते. ती रीत आपण जाणतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून मान्य आहे. पेट्रोल काय फुकट येते? नायजर नदीच्या मुखाशी तेलाने काळी झालेली खाजणे आहेत. चाकण चौकात डिझेलच्या धुरात उभा असलेला वाहतूक पोलीस आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशनच्या २०२१ च्या अभ्यासानुसार भारतात, इथली कोळशाची वीज धरूनही, इलेक्ट्रिक मोटारीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोलच्या मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्क्यांनी कमी असते. वीज स्वच्छ होत जाईल तसा हा फरक वाढेल. ही वीज चंद्रपूरहून येते तेव्हा तिचीही एक खाण असते आणि दुर्गापूरच्या घरांवर बसणारी राख असते. त्याचा हिशेब या आकड्यांत येत नाही. तरी मी इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूचा आहे. माझ्या लिखाणातून कोणी डिझेलचे समर्थन काढू नये. पेट्रोल जळून जाते, ते पुन्हा पुन्हा उपसावे लागते. लिथियम जळत नाही. गाडी मोडीत निघाली तरी धातू तिच्यातच असतो आणि तो परत मिळवता येतो. इलेक्ट्रिक गाडीची खरी नैतिक ताकद इथे आहे, आणि ती आपण वापरणार की नाही हे अजून ठरायचे आहे.

कारण परत मिळवण्याची व्यवस्था आपल्याकडे कशी आहे? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने, चार हजारांहून अधिक बांधकामे, आठवडाभरात पाडली. इंद्रायणी तिथल्या सांडपाण्याने आणि आगींच्या धुराने हैराण होती हे खरे. पण या पट्ट्याचे भंगार तिथेच वेगळे होत होते, आणि गोदाम पाडल्याने भंगार संपत नाही; ते कमी नजरेत येणाऱ्या जागी जाते. उद्या त्यात गाड्यांच्या बॅटऱ्या असतील. शिशाच्या बॅटरीसारखी गाडीची बॅटरी कुऱ्हाडीने फोडता येत नाही. आत वीज शिल्लक असते, ती पेटते, आणि पेटली की विद्रावातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसे जाळणारा वायू सुटतो. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे: जमा झालेल्या बॅटरीतला ९० टक्के माल २०२६-२७ पासून परत मिळवायचा, आणि गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांत २०२७-२८ पासून ५ टक्के, २०३०-३१ पर्यंत २० टक्के पुनर्वापराचा माल घालायचा. नियम चांगले आहेत. अडचण रसायनात आहे. कोबाल्ट-निकेलच्या बॅटरीतून महाग धातू मिळतात म्हणून भंगारवाला तिच्यामागे धावतो. आयर्न-फॉस्फेटमध्ये लोखंड आणि फॉस्फेट. लिथियम काढण्याचा खर्च भागेलच असे नाही. ज्या रसायनाने काँगोतल्या मुलाला वगळले तेच रसायन शेवटी बेवारस पडण्याची शक्यता जास्त. पीएमपीएमएलच्या निगडी आणि भेकराईनगर आगारांतून फेब्रुवारी २०१९ मध्ये निघालेल्या पहिल्या इलेक्ट्रिक बसना सहा वर्षे उलटून गेली आहेत. म्हणजे हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही.

पुण्यातच दुसरी वाटही शोधली जाते आहे. आयसरच्या प्रयोगशाळेत वाढलेले सोडियम-आयन सेलचे तंत्रज्ञान केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्याला लिथियम लागत नाही, तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालते. वजनाच्या मानाने ते कमी ऊर्जा साठवते. लांब पल्ल्याच्या मोटारीला ते आज पुरेसे नाही, पण शहर बस, रिक्षा आणि सौर विजेच्या साठवणुकीला पुरे पडेल. त्यावर सरकारने जेवढा पैसा लावायला हवा तेवढा लावलेला नाही असे माझे मत आहे. २९ जानेवारी २०२५ ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेचा १६,३०० कोटींचा आराखडा वाचला तर भर खनिज मिळवण्यावर दिसतो.

युरोपात मात्र खाणीचा पत्ता मागणे सुरू झाले आहे. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला आणि ज्या जर्मन कंपन्या चाकणला गाड्या बनवतात त्या त्याच्या कक्षेत आल्या. युरोपीय संघाच्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. खनिजांच्या उगमाची पडताळणी करण्याची कलमे दोन वर्षे पुढे ढकलली आहेत, आणि ती आणखी सैल करावीत म्हणून दबावही आहे. तरी निर्यात करणाऱ्या इथल्या कारखान्यांना हे रकाने भरावे लागणार. माझी सूचना अशी की ते फक्त युरोपच्या गाडीसाठी भरू नयेत. इनवर्ड तपासणीच्या फॉर्मवर हीट नंबरच्या शेजारी खाणीचा रकाना चाकणने स्वतः घालावा आणि एमएच-१४ चा नंबर घेणाऱ्या गाडीसाठीही तो भरावा. सुरुवातीला तो बराचसा रिकामा येईल. हीट नंबरही सुरुवातीला रिकामेच यायचे. खरेदी विभागाने माल परत पाठवायला लागल्यावर ते भरून येऊ लागले.

मांडणीविषयी थोडे. पहिला भाग तुमसर आणि रामटेक तालुक्यांचा आहे. जगभरच्या खाणींविषयी लिहिताना आधी आपल्या राज्यातल्या खाणीत काय चालते ते पाहावे, आणि तिथे जे मोजमाप लावू तेच कातामार्काला लावावे, असे ठरवून तो आधी घेतला. दुसऱ्या भागात लिथियम, ग्राफाईट आणि फॉस्फेट आहे, म्हणजे इथल्या मोटारींचे खरे रसायन. काँगो आणि इंडोनेशिया तिसऱ्यात, दुचाकींच्या संदर्भात. चौथा भाग कुदळवाडी आणि बॅटरीच्या शेवटाचा. परिशिष्टात एक नमुना प्रश्नावली दिली आहे. ती पुरवठादाराला जशीच्या तशी पाठवता येईल अशी केली आहे, आणि गुणवत्ता व खरेदी विभागात काम करणाऱ्यांनी ती वापरून पाहावी, कुठले प्रश्न चालतात आणि कुठले अडतात ते कळवावे. त्यानुसार पुढच्या आवृत्तीत बदल करता येतील.